विधी आयोग वर्षभर काय करतो, आणि शहाद्याहून पाठवलेलं टिपण तिथे कोण वाचतं?

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. कायद्यांत सुधारणा सुचवणारा भारताचा विधी आयोग वर्षभर नेमकं काय काम करतो? इंग्लंडच्या आयोगाचा वार्षिक अहवाल सहज हाती लागतो, तसा आपल्याकडचा का दिसत नाही? आणि नंदुरबारच्या शहादा-धडगाव पट्ट्यातल्या आदिवासी मुलींच्या वारसाहक्कावर तुम्ही टिपण लिहून दिल्लीला पाठवलं, तर त्याचा काही उपयोग आहे का? बाररूममधल्या ज्येष्ठांनी ‘कागद वाया घालवू नका’ असं सांगितल्याचंही तुम्ही लिहिलंय. मी धुळ्यात आयुष्यभर दिवाणी बाजू चालवली, जमिनीचे आणि वाटपाचे दावे जास्त. तेव्हा त्या ज्येष्ठांचा वैताग मला समजतो, पण त्यांचा सल्ला पटत नाही.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, तुमचं खरं अडलंय ते तिथेच.

न्या. बी. पी. जीवन रेड्डी अध्यक्ष असताना पंधराव्या विधी आयोगाने हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कावर एक प्रश्नावली काढली होती. अख्ख्या देशातून उत्तरं आली ६७. त्यांत ३७ वकील आणि बाकीचे ३० जण समाजशास्त्र, स्वयंसेवी संस्था अशा क्षेत्रांतले. १९९९ मध्ये पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाबरोबर एक कार्यशाळा झाली. एवढ्या सामग्रीवर २००० साली १७४ वा अहवाल तयार झाला, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी मुलासारखीच जन्मतः हिस्सेदार (कोपार्सनर) झाली. आज आपण वाटपाच्या दाव्यात हिंदू वारसा कायद्याच्या ज्या कलम ६ वर तासन् तास भांडतो, त्याच्या मुळाशी ती ६७ उत्तरं आहेत.

आता दुसरं टोक. १४ जून २०२३ रोजी बाविसाव्या आयोगाने समान नागरी कायद्यावर मतं मागवली. महिन्याची मुदत पुढे २८ जुलैपर्यंत वाढवली. वृत्तपत्रांत आलेला प्रतिसादांचा आकडा सुमारे ७५ लाख होता. त्या विषयावर अहवाल काही आला नाही. ३१ ऑगस्ट २०२४ ला त्या आयोगाची मुदतच संपली. विषय राजकारणाचा होता, हे खरंच. तरी त्या दिवसांत आपल्या फोनवरसुद्धा तयार मजकूर फिरत होते, नाव घालून पाठवून द्या म्हणून, ते आठवा. असा मजकूर लाख वेळा आला तरी आयोगाच्या हाती नवं काही पडत नाही. आयोग मतमोजणी करत नाही. त्याला हवं असतं ते हे, की अमुक कलम अमुक तालुक्यात प्रत्यक्ष कसं चालतं, कुठे अडतं, आणि अडलं की लोक काय वाट काढतात. ते दिल्लीत बसून कळत नाही. ते तुमच्याकडे आहे.

आता वर्षाचं काम. हा आयोग राज्यघटनेने निर्माण केलेला नाही आणि कुठल्या स्वतंत्र कायद्यानेही नाही. केंद्र सरकार आदेश काढून तो नेमतं, साधारण तीन वर्षांसाठी. स्वतंत्र भारतातला पहिला १९५५ चा, मोतीलाल सेटलवाड अध्यक्ष. (मेकॉलेचा १८३४ चा आयोग धरला तर परंपरा फार मागे जाते, पण तो कारभार वेगळा होता.) अलीकडच्या रचनेत पूर्णवेळ अध्यक्ष, सदस्य-सचिव धरून चार पूर्णवेळ सदस्य, विधी व न्याय मंत्रालयातल्या दोन विभागांचे सचिव पदसिद्ध, आणि जास्तीत जास्त पाच अर्धवेळ सदस्य असतात. सोबत संशोधन करणारी तरुण मंडळी. एवढ्या लोकांवर देशभरातल्या कायद्यांचा भार आहे.

विषय तीन वाटांनी येतात. सरकार पाठवतं, सर्वोच्च किंवा उच्च न्यायालय एखाद्या निकालात ‘आयोगाने याचा विचार करावा’ असं म्हणतं, किंवा आयोग स्वतःहून घेतो. मग विषय एखाद्या सदस्याकडे जातो. जुने निवाडे, परदेशातले कायदे, आधीच्या आयोगांचे अहवाल यांचा ढीग उपसून एक कच्चं टिपण होतं. त्यावरून प्रश्नावली किंवा सल्लामसलतीचा मसुदा निघतो आणि तो राज्य सरकारं, उच्च न्यायालयं, वकील संघटना यांच्याकडे जातो. उत्तरं आली की त्यांची छाननी, मग मसुदा, मग पूर्ण आयोगाच्या बैठकीत शब्दाशब्दावर चर्चा, आणि शेवटी कायदामंत्र्यांकडे अहवाल. कितीएक अहवालांच्या शेवटी प्रस्तावित विधेयकाचा तयार मसुदाही जोडलेला असतो. या सगळ्यात तुमच्या टिपणाची वेळ एकच: प्रश्नावली निघाल्यापासून मसुदा पक्का होईपर्यंत. अहवाल छापून आल्यावर वर्तमानपत्रात पत्र लिहिणारे वकील पुष्कळ भेटतील. आधी लिहिणारे फार थोडे.

पण हे चक्र जानेवारी ते डिसेंबर असं फिरत नाही. एकविसाव्या आयोगाने २७७ वा अहवाल ऑगस्ट २०१८ मध्ये दिला आणि त्याची मुदत संपली. बाविसावा आयोग नेमण्याचा आदेश फेब्रुवारी २०२० मध्ये निघाला, पण अध्यक्ष म्हणून न्या. ऋतुराज अवस्थी आले ते नोव्हेंबर २०२२ मध्ये. मधली चार वर्षं एकही अहवाल नाही. त्यानंतर मात्र दीड वर्षाच्या आत २७८ ते २८९ असे अहवाल धडाधड आले. तेविसावा आयोग १ सप्टेंबर २०२४ पासून, त्याला अध्यक्ष मिळाले २०२५ मध्ये, न्या. दिनेश माहेश्वरी, मुदत ऑगस्ट २०२७ पर्यंत. म्हणून ‘यंदा आयोगाने काय केलं’ या प्रश्नाचं उत्तर कधी ‘काहीच नाही’ असतं, तर कधी बारा महिन्यांत मावत नाही एवढं असतं.

इंग्लंडचा तुमचा दाखला इथेच लागू पडतो. तिथला आयोग १९६५ च्या कायद्याने जन्मला, त्यामुळे तो मध्येच बंद पडत नाही आणि वार्षिक अहवाल देणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. २००९ च्या दुरुस्तीनंतर तर खुद्द मंत्र्यालाच दरवर्षी संसदेला सांगावं लागतं, की कोणत्या शिफारशी अमलात आणल्या आणि ज्या आणल्या नाहीत त्या का नाही. आपल्याकडे अहवाल दोन्ही सभागृहांसमोर ठेवला जातो, मग तो ज्या मंत्रालयाचा विषय त्याच्याकडे जातो आणि तिथे त्याचं काय होईल याला कालमर्यादा नाही. माझ्या मते आपल्या आयोगाचं खरं दुखणं हेच आहे. अहवालांच्या दर्जाबद्दल बोलायचं तर जुने कितीतरी अहवाल आजही निवाड्यांत उद्धृत होतात, आणि मी स्वतः युक्तिवादात त्यांचा आधार घेतलेला आहे.

मंत्रालयात गेलेल्या शिफारशीचं भवितव्य किती निरनिराळं असतं ते पाहा. ग्रामन्यायालयांची शिफारस ११४ व्या अहवालात, १९८६ साली. कायदा झाला २००८ मध्ये, अंमल २ ऑक्टोबर २००९ पासून. त्या ११४ व्या अहवालाच्या पुढच्याच वर्षी, १९८७ च्या १२० व्या अहवालात आयोगाने म्हटलं होतं, की दहा लाख लोकांमागे न्यायाधीश जेमतेम दहा आहेत, ते पन्नास करा. आज आपण त्याच्या निम्म्यालाही पोचलेलो नाही. तळोदा किंवा अक्कलकुव्याच्या पक्षकाराला तारखेमागून तारीख का मिळते, याचं अर्धं उत्तर या एका आकड्यात आहे. उलट लवाद कायद्यावरचा २४६ वा अहवाल २०१४ चा, आणि दुरुस्ती लगेच २०१५ मध्ये. त्यामागे उद्योगजगताची निकड होती. तालुका न्यायालयात न्यायाधीश वाढावेत म्हणून कोण तगादा लावणार?

कधी आयोगाला वळसाही घातला जातो. भारतीय दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, एवढा मोठा बदल, पण त्यासाठी गृह मंत्रालयाने २०२० मध्ये वेगळी समिती नेमली होती. आयोगाने २७९ व्या अहवालात राजद्रोहाचं कलम काही बंधनं घालून ठेवा म्हटलं. नव्या संहितेत ते कलम त्या रूपात राहिलं नाही, त्याजागी कलम १५२ आलं. ऑनलाइन एफआयआरवरचा २८२ वा अहवाल मात्र त्याच सुमाराचा, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमातून फिर्याद देऊन तीन दिवसांत सही करण्याची सोय आलेली दिसते. त्यात आयोगाचा वाटा किती आणि समितीचा किती, हे मोजण्यात अर्थ नाही.

आपल्या भागाशी थेट भिडणारा एक अहवाल मात्र प्रत्येक नव्या दिवाणी वकिलाने वाचावा, तो म्हणजे मे २०२३ चा २८० वा, प्रतिकूल कब्जाचा. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे खाजगी जमिनीवर मालकाच्या विरोधात उघडपणे बारा वर्षं कब्जा ठेवला तर मालकाचा दावा बुडतो. सरकारी जमिनीला ही मुदत तीस वर्षांची. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या हेमाजी वाघाजी निकालात या तत्त्वावर कडक ताशेरे ओढले आणि सरकारला फेरविचार करायला सांगितलं. प्रश्न आयोगाकडे गेला. खानदेशात हा प्रश्न पुस्तकी नाही. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा, कुठल्याही गावात जा. एक भाऊ सुरतेला गिरणीत किंवा साडीच्या कारखान्यात गेला, शेत दुसऱ्याने केलं, वाटणी तोंडी. वीस-पंचवीस वर्षांनी सुरतेचा भाऊ किंवा त्याचा मुलगा परत येतो आणि हिस्सा मागतो. इकडचा म्हणतो, बारा वर्षं झाली, आता माझी. दुसरा प्रकार बांधाचा. ‘त्यानी मन्हा बांध कोरी टाका’ (त्याने माझा बांध कोरला) हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्याकडे वकिलाचा महिना जात नाही. नांगराच्या तासातासाने सरकलेला बांध मोजणी आली की उघडा पडतो, आणि तोवर बारा वर्षं कधीच उलटून गेलेली असतात.

आयोगाने सगळं तपासून शिफारस केली, की कायद्यात बदल नको. दोन्ही पदसिद्ध सदस्यांनी, म्हणजे सरकारच्याच सचिवांनी, असहमतीची टिपणं जोडली. मला इथे आयोगाचं म्हणणं अधिक पटतं. भावाच्या शेतीचा प्रश्न कायद्यात आधीच सुटलेला आहे: सहहिस्सेदाराचा कब्जा हा सर्वांच्या वतीने समजला जातो. उघडपणे हक्क नाकारल्याशिवाय बारा वर्षांचा काटा फिरायला सुरुवातच होत नाही. अडचण कलमात नसून पुराव्यात आहे, की नाकारलं कधी आणि कोणासमोर. पण तालुक्याच्या कोर्टात हे पुराव्याचं दुखणं कसं दिसतं, तोंडी वाटणीला साक्षीदार म्हणून कोण उभे राहतात, पीक पाहणीच्या नोंदी कोणाच्या नावाने आणि कशा लागलेल्या असतात, यावर आपल्या तिन्ही जिल्ह्यांतल्या वकील संघांनी काही पाठवलं होतं का? माझ्या कानावर तरी नाही. प्रश्नावली सगळ्यांसाठी खुली होती.

सगळ्याच गोष्टींसाठी आयोगाचं दार ठोठावायचं नसतं, हेही लक्षात घ्या. रावेर-यावलच्या केळीतून किंवा साक्रीच्या माळावरून उच्चदाबाची तार गेली की शेतकरी मोबदल्यासाठी आपल्याकडे येतो. आयोगाने २८१ व्या अहवालात हा विषय घेतला होता. पण हातात पडणारे पैसे बदलले ते ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी: २०१५ मध्ये मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीला किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के, तर जून २०२४ मध्ये हेच प्रमाण अनुक्रमे २०० आणि ३० टक्के. राज्याने ते स्वीकारायचं असतं. म्हणजे इथे दार मंत्रालयाचं आणि राज्याचं. तसंच तुकडेबंदी, कूळकायदा, सातबाऱ्याच्या नोंदी, हे राज्याचे विषय; त्यासाठी आमदार आणि महसूल विभाग. वारसाहक्क, मुदत, पुरावा, दिवाणी आणि फौजदारी प्रक्रिया हे समवर्ती सूचीतले, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल असे. त्यांवर आयोगाला लिहिण्यात अर्थ आहे.

तुमचा विषय त्यातच येतो, आणि तो पिकलेला आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम २(२) सांगतं, की केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे २००५ ची ती दुरुस्ती पाटलाच्या मुलीला मिळाली, पण पावरा, भिल्ल, कोकणी, मावची यांच्या मुलींना आपोआप मिळाली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कमला नेती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिलासा दिला नाही, पण केंद्राने कायदा बदलण्याचा विचार करावा असं स्पष्ट म्हटलं. जुलै २०२५ मध्ये रामचरण विरुद्ध सुखराम या छत्तीसगडच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने गोंड स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला: मुलींना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना केवळ स्त्री म्हणून हिस्सा नाकारता येणार नाही. या दोन निकालांच्या मधल्या जागेत प्रश्न पडलेला आहे, की रूढी सिद्ध करायची कोणी आणि कशी. या जागेबद्दल दिल्लीकडे फारशी माहिती नाही.

म्हणून मतं लिहू नका. ‘स्त्रियांना समान हक्क मिळालाच पाहिजे’ हे आयोगाला तुमच्याकडून कळायला नको. लिहायचं ते असं: आपल्या कोर्टातल्या निकाली निघालेल्या दाव्यांतून रूढीचा पुरावा कोणी दिला, पंचांपैकी कोण साक्षीला आला, उलटतपासणीत काय टिकलं, काय नाही. वारस नोंदीचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या दप्तरात नावं बदलल्याच्या नोंदी, पाहा. एकाच तालुक्यात एका महसुली सर्कलला मुलींची नावं लागतात, शेजारच्या सर्कलला लागत नाहीत, हे माझ्या पाहण्यात आहे. तुम्हाला त्याचे उतारे काढता येतील. रूढीतही सरसकट एकच प्रकार नसतो. विधवेला हयातभर कसू देतात, घरजावई ठेवला तर मुलीच्या बाजूला जमीन राहते, असं सांगणारे लोक भेटतात. कोणत्या जमातीत, कोणत्या गावपट्ट्यात, हे नेमकं नोंदवा आणि ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहा. आणि विरोधी बाजू झाकू नका. जमातीतले कित्येक जण भीतीने सांगतात, की मुलीला हिस्सा दिला आणि तिचं लग्न जमातीबाहेर झालं तर जमीन बाहेर जाईल. आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६अ आदिवासी जमीन बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित होण्यावर बंधन घालतं. वारसाने जाणाऱ्या हिश्श्याला ते कसं लागू होईल, यावर तुम्ही एक परिच्छेद जरी नीट लिहिलात तरी टिपणाचं वजन वाढेल.

बिगर-आदिवासी बाजूचा अनुभवही थोडा घाला, तुलनेसाठी. कायदा आला म्हणून हिस्सा हातात पडतोच असं नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतल्याची प्रकरणं तुम्हीही चालवली असतील. महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, १९९४ मध्येच मुलींना हक्क दिला होता, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. १७४ व्या अहवालातही ती मर्यादा होती. संसदेत विधेयकाची छाननी होताना ती गळाली. म्हणजे आयोगाच्या टेबलावर जे सुटतं ते पुढे स्थायी समितीत धरता येतं. टिपणाची एक प्रत आपल्या खासदारांकडे द्या ती यासाठी.

स्वरूपाचं म्हणाल तर चार-पाच पानांच्या वर जाऊ नका. पक्षकारांची नावं काढून टाका, दावा क्रमांक ठेवा. कलम २(२) ऐवजी नेमके कोणते शब्द हवेत ते शेवटी सुचवा, चुकले तरी चालतील, आयोगाचे लोक दुरुस्त करतात. मूळ टिपण मराठीत लिहिलंत तरी सोबत दोन पानांचा इंग्रजी गोषवारा जोडा, कारण वाचणारे मराठीच असतील असं नाही. आयोगाने प्रश्नावली काढलेली नसली तरी सदस्य-सचिवांच्या नावे पाठवता येतं. विषय सुचवण्याची ती रीतच आहे. वकील संघाचा ठराव करून पाठवलंत तर उत्तम, पण ठरावासाठी महिनोन्‌महिने थांबू नका. फेरफाराचे उतारे जमले की मला एक प्रत पाठवा. साक्रीकडच्या काही निकालांच्या नकला माझ्याकडे आहेत, त्या जोडता येतील.